दुखत नाही, म्हणून उशीर

कर्करोग सुरुवातीला सहसा दुखत नाही, आणि दुखल्याशिवाय कामाचा खाडा करून दवाखान्याची पायरी चढणे गावात क्वचितच परवडते. तोंडातला पांढरा चट्टा मिश्री-तंबाखूच्या सवयीत खपून जातो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची गत आणखी अवघड. सतत पांढरे जाणे, पाळी थांबल्यावर पुन्हा रक्त जाणे ही त्याची लक्षणे बाईने घरातही बोलायची नसतात. ती दुखणे अंगावर काढते.

मात्र सगळा दोष रुग्णाच्या अडाणीपणावर ढकलणे सोयीचे असले तरी खरे नाही. बाई बोलते तेव्हाही जवळच्या दवाखान्यात बरेचदा आतली तपासणी न होताच गोळ्या मिळतात. थोडा उतार पडतो आणि महिने जातात. मग तालुका, मग जिल्हा. तिथे तपासणीसाठी मांसाचा तुकडा काढायचा म्हटले, की ‘तुकडा काढला की आजार पसरतो’ ही समजूत आडवी येते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात, पण निदान पक्के होईपर्यंतचे हेलपाटे आणि बुडालेली मजुरी घरच्याच अंगावर पडते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाने तर उचल घेतलेली असते; हंगाम संपेपर्यंत फड सोडता येत नाही.

नुसते सांगण्यानेही किती फरक पडतो, हे बार्शीत दिसले. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांसाठी १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिचे कर्मचारी रुग्णालयाच्या कागदांवर विसंबले नाहीत. गावोगाव जाऊन त्यांनी लक्षणे समजावली, संशय वाटला त्यांना तपासणीला धाडले. काही वर्षांतच गर्भाशयमुखाचा कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडण्याचे प्रमाण वाढले. पुढे १९९९ पासून उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १,३१,००० स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गटात एचपीव्ही या, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूची चाचणी केली, तीही एकदाच, तिथे या रोगाचे मृत्यू चाचणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्मे भरले.

तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशभरात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी एकदा तरी झालेल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रिया जेमतेम १.९ टक्के निघाल्या. आशा कार्यकर्त्या घरोघर आजारांच्या जोखमीचे अर्ज भरून घेतात. पण तपासणीला लागणारी आडोशाची खोली आणि हात बसलेली परिचारिका प्रत्येक उपकेंद्रात असतेच असे नाही.