वजाबाकी करणारा रेडिओ

जुना रेडिओ कधी आतून पाहिलाय? आमच्या वर्गात मुलांनी एक बंद पडलेला ट्रान्झिस्टर उघडला. आत तांब्याच्या कॉइल, पत्र्याच्या डब्या... केवढा पसारा! एका मुलीनं विचारलं, "बाई, मोबाइलमध्येही रेडिओच असतो ना? मग हे सगळं त्यात मावतं कुठं?"

प्रश्न अगदी मोलाचा!

रेडिओ चक्क वजाबाकी करतो. केंद्राची लहर ५५८ किलोहर्ट्झची असेल, तर तो स्वतः १०१३ची लहर तयार करतो आणि दोन्ही एकत्र मिसळतो. १०१३ वजा ५५८ म्हणजे ४५५. केंद्र कोणतंही लावा, उत्तर ४५५च! मग त्या एकाच आकड्यासाठी चांगल्या गाळण्या बसवता येतात. १९१८ साली अमेरिकेच्या एडविन आर्मस्ट्राँग यांनी ही युक्ती रेडिओत आणली.

पण एक गंमत पाहा. १४६८ वजा १०१३ किती? पुन्हा ४५५! म्हणजे नको असलेलं जुळं केंद्रही आत घुसणार. त्याला अडवायला आधी आणखी एक गाळणी हवी. अशा काटेकोर गाळण्या नखाएवढ्या सिलिकॉन चिपवर बसवणं फार अवघड.

मग उत्तर शून्यच आणलं तर? ९४५ मेगाहर्ट्झमधून ९४५च वजा करायचे! जुळ्याची कटकटच संपली. शिवाय शून्याजवळची गाळणी चिपवर सहज मावते. १९९०च्या दशकात लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रा. असद आबिदी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी, संगणकाच्या चिप बनतात त्याच साध्या पद्धतीनं असे रेडिओ बनवण्यावर खूप काम केलं.

हे सोपं नव्हतं, बरं का! मोबाइलला कधी कधी एका वॅटच्या दहा लाख कोटीव्या भागाहूनही क्षीण संदेश ऐकावा लागतो. अशा वेळी चिपची स्वतःचीच ९४५ची लहर झिरपून अँटेनाकडे गेली, तर ती स्वतःतूनच वजा होते आणि शून्यावर नको तो दाब साचतो. त्यात खरा संदेश बुडून जातो. म्हणून काही चिपमध्ये मूळ लहर १८९०ची तयार करतात आणि मिसळण्याच्या जागीच तिचे दोन भाग करतात. तरी उरलेला दाब मोजून तोही वजा करतात.

आता तुम्ही सांगा, ६०३ किलोहर्ट्झच्या केंद्राचं जुळं कोणतं? १५१३ आलं ना? शाब्बास!