घाट उतरताना गिअर कोणता?

चातुर्मासाची सांगता झाली की आपल्या भागात तीन गोष्टी एकाच सुमारास रस्त्यावर येतात. साधू-साध्वींचे विहार सुरू होतात, कचनेरच्या चिंतामणी पार्श्वनाथांच्या कार्तिकी यात्रेसाठी घरोघरच्या मोटारी निघतात आणि साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाल्यामुळे उसाच्या ट्रॉल्या अर्धा रस्ता व्यापून चालू लागतात. लातूर-नांदेडकडील कुटुंबांपैकी कितीतरी जण या दिवसांत स्वतःच गाडी चालवत प्रवास करतात. टायरची हवा, पाणी, डबे, औषधे या सर्वांची तयारी आपण नीट करतो. गिअरचा विचार मात्र परवाना मिळाल्याच्या दिवशी जो सुटतो, तो पुन्हा फारसा होत नाही. माझाही सुटला होता.

सन १९९८ च्या कार्तिकीची गोष्ट. मी तेव्हा बँकेच्या लातूरमधील शाखेत होतो. वापरलेली मारुती ८०० घेतली होती. चार गिअरची, कार्बोरेटरवर चालणारी. आई, सौभाग्यवती आणि दोन मुले यांना घेऊन रेणापूर, अंबाजोगाई, केज या मार्गाने कचनेरला निघालो. मांजरसुंबा मागे टाकले की बीडच्या दिशेने बालाघाटाचा उतार लागतो. तेथे मी नेहमीच्या सवयीने गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. पेट्रोलचा खर्च डायरीत लिहून ठेवणारा मी माणूस. उतारावर गाडी आपोआप धावते म्हणजे तेवढे अंतर फुकटात पडले, असा माझा हिशेब होता.

दोन वळणे नीट गेली. पुढे एक मालमोटार संथपणे उतरत होती. तिच्यामागे मी ब्रेक दाबत राहिलो. सोडला की गाडी पळे, म्हणून पुन्हा दाबत असे. थोड्या वेळाने जळक्या रबरासारखा वास आला. तो मालमोटारीचा असावा असे मला वाटले. मग पुढच्या दाबाला पायाखालचा ब्रेक नेहमीपेक्षा खोल गेला आणि गाडी मात्र तशीच धावत राहिली. मागे बसलेल्या आईला काही कळण्याचे कारण नव्हते. पण माझा चेहरा तिला आरशात दिसला असावा. तिचा णमोकार सुरू झाला, तो मला स्पष्ट ऐकू येत होता.

मी ब्रेक भराभर तीन-चार वेळा दाबला, थोडी पकड आली. तेवढ्यात गाडी तिसऱ्या गिअरमध्ये घातली, मग दुसऱ्या. इंजिन असे किंचाळले की ते फुटते की काय असे वाटले. पण वेग उतरला. हँडब्रेक हळूहळू ओढत डोंगराच्या बाजूला गाडी उभी केली. चाकांजवळ हात नेववत नव्हता. अर्धा तास तेथेच बसून राहिलो. पायथ्याला चहाच्या टपरीवर त्याच मालमोटारीचा चालक भेटला. सगळे ऐकून घेऊन तो एवढेच म्हणाला, "साहेब, ज्या गिअरात घाट चढायचा, त्याच गिअरात उतरायचा. आम्ही पहिल्या दिवशी हेच शिकतो." एम.कॉम. होऊन, अधिकारी होऊन मला जे ठाऊक नव्हते, ते त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

पुढे या विषयाचे मी मन लावून वाचन केले. ब्रेक वेग नाहीसा करत नाही. तो वेगाची उष्णता करतो. माणसांसह हजार किलो वजनाची गाडी शंभर मीटर खाली उतरते, तेव्हा तिच्यातून जी ऊर्जा बाहेर पडते तिच्यावर सुमारे तीन लिटर साधे पाणी उकळू शकेल. न्यूट्रलमध्ये उतरताना वेग वाढू द्यायचा नसेल, तर हवा आणि घर्षण यांच्या वाट्याला जाणारा थोडा भाग वगळता ती सारी उष्णता चार चाकांच्या ब्रेकमध्येच साठते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. जुन्या, ओलावलेल्या तेलात अशा वेळी वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, म्हणून पाय खोल जातो आणि चाकाला पकड बसत नाही. (ब्रेकचे तेल साधारण दोन वर्षांनी बदलावे, ते याचसाठी. इंजिन ऑइल आपण आठवणीने बदलतो. हे मात्र कोणी विचारतही नाही.)

गाडी गिअरमध्ये असली की चित्र पालटते. आता चाके इंजिनाला फिरवतात. अॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला असल्यामुळे पेट्रोल इंजिनाची हवेची वाट जवळजवळ बंद असते. त्या अरुंद फटीतून हवा ओढताना इंजिनाला कष्ट पडतात आणि ते कष्ट चाकांच्या वेगातून वसूल होतात. गिअर जितका खालचा, तितके हे रोखणे प्रबळ. सर्वसाधारण लहान मोटारीत त्याच वेगाला इंजिन पाचव्यापेक्षा दुसऱ्या गिअरमध्ये सुमारे अडीच पट फिरते. त्यामुळे घाटात ब्रेकचे काम इंजिन करते आणि ब्रेक वळणासाठी व संकटासाठी थंड राहतात. मात्र वेग वाढल्यावर एकदम खालचा गिअर घालू नये. उतार सुरू होण्यापूर्वीच ब्रेकने वेग कमी करावा, मग गिअर खाली आणावा. मी केले ते नेमके उलट होते. नाइलाज होता म्हणून केले.

आणि पेट्रोलचा हिशेब? कार्बोरेटरच्या काळात न्यूट्रलने थोडीफार बचत होत असे, हे मान्य करतो. पण सन २००० च्या सुमारास मोटारींत इंधन इंजेक्शन रूढ होऊ लागले आणि तो हिशेबच उलटला. गाडी गिअरमध्ये आहे, अॅक्सिलरेटर सोडलेला आहे, इंजिनाचे फेरे पुरेसे आहेत, असे दिसताच गाडीतील संगणक इंजेक्टर बंद करतो. उतरताना तेवढा काळ इंधनाचा खर्च शून्य असतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला सतत इंधन द्यावे लागते. लहान गाडीला तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर. म्हणजे ज्या बचतीसाठी आपण जीव धोक्यात घालतो, ती बचत आजच्या गाडीत मुळात होतच नाही. तरी ही समजूत टिकून आहे. आमच्या पिढीने ती पुढच्या पिढीला वारशासारखी दिली आहे.

काही जण याही पुढे जाऊन उतारावर किल्लीच फिरवतात. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते, स्टिअरिंग जड होते, आणि किल्ली काढलीच तर ते अडकूनही बसते. पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका मालवाहू वाहनाने चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली. इंधन वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केले गेले होते, असे प्राथमिक तपासाच्या बातम्यांत आले होते. लातूर-नांदेडची किती मुले शिक्षणासाठी पुण्यात जातात-येतात!

चढाची गोष्ट तुलनेने सोपी आहे. पण तेथेही आपण गाडीचा आवाज ऐकत नाही. नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात, लातूर बालाघाटच्या पठारावर. त्यामुळे लोहा, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर हा सुमारे १४० किलोमीटरचा रस्ता लातूरकडे येताना एकंदरीत चढाचा आहे. रस्ता आता रुंद झाल्यामुळे हे जाणवत नाही. गाडीला मात्र जाणवते. पाच माणसे, सामान आणि एअर कंडिशनर चालू असताना पाचव्या गिअरमध्ये इंजिन घुमू लागते, गिअरची दांडी थरथरते, पाय दाबूनही वेग येत नाही. याला चालक मंडळी 'गाडी ओढत नाही' म्हणतात आणि दोष गाडीला देतात. वस्तुतः गाडी खालचा गिअर मागत असते. लहान पेट्रोल इंजिनाचा पूर्ण जोर बहुधा मिनिटाला तीन-चार हजार फेऱ्यांच्या आसपास मिळतो. पंधराशे फेऱ्यांवर त्याच्याकडून चढ चढवून घेणे म्हणजे उपाशी हमालाच्या डोक्यावर पोते ठेवण्यासारखे आहे. चढ दिसताच, वेग पडण्याआधी, एक गिअर खाली यावे. अर्ध्या चढावर गाडी दमल्यावर केलेला बदल उशिराचा असतो.

उसाच्या ट्रॉलीला ओलांडतानाही हेच. ट्रॅक्टरमागे चाळीसच्या वेगाने रेंगाळलेली गाडी पाचव्या गिअरमध्येच ठेवून बाहेर काढली, तर समोरून वाहन येईपर्यंत आपण ट्रॉलीच्या बरोबरीनेच असतो. तिसरा गिअर घालावा, रस्ता मोकळा असल्याची खात्री करावी, मगच बाहेर पडावे. दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडलेल्या असतात, हेही विसरू नये. अरुंद घाटात वर चढणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्याने वाट द्यावी, हा वाहतुकीचा नियमच आहे. चढावर थांबून पुन्हा निघणे किती कठीण, हे ज्याने हँडब्रेक न लावता प्रयत्न केला आहे त्याला विचारावे.

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला, त्या विषयाकडे येतो. विहाराच्या वेळी साधू-साध्वींच्या मागे समाजाची एखादी गाडी असते. चालक बहुधा आपलाच एखादा उत्साही तरुण. चालण्याचा वेग तासाला चार-पाच किलोमीटर. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडल्यावर गाडी त्यापेक्षा जलद सरकते. म्हणून तो हाफ क्लचवर गाडी ढकलत राहतो, किंवा उतार आला की न्यूट्रलमध्ये सोडून ब्रेकवर पाय ठेवतो. पहिल्या प्रकाराने तासा-दोन तासांत क्लच जळतो. दुसऱ्या प्रकाराने पहाटे तीनला उठलेल्या चालकाच्या दुखऱ्या पायावर सर्वांचे प्राण अवलंबून राहतात. महाव्रती ईर्यासमिती पाळत पुढची भूमी पाहून पाऊल टाकतात. त्यांना मागे पाहावयाचे नसते. ते काम गाडीचे.

त्यावर आम्ही गेल्या दोन वर्षांपासून एक साधी रीत पाळतो. गाडी सतत मागे सरकवायची नाही. रस्त्याच्या कडेला, डांबराच्या बाहेर, चारही दिवे लुकलुकते ठेवून ती उभी करायची. संघ दोनशे-अडीचशे पावले पुढे गेला की दुसऱ्या गिअरमध्ये तेवढे अंतर कापायचे आणि संघाच्या बरेच मागे पुन्हा थांबायचे. थांबताना हँडब्रेक, आणि चालक खाली उतरणार असेल तर इंजिन बंद करून चढावर पहिला, उतारावर रिव्हर्स गिअर घालून ठेवायचा. मागून कोणी धडकलेच तर गाडी मोकळी घरंगळत संघावर जाऊ नये, म्हणून पुढची चाके रस्त्याच्या बाहेरच्या दिशेला वळवून ठेवायची. परावर्तक पट्ट्यांची जाकिटे घातलेले दोन कार्यकर्ते गाडीच्याही मागे चालतात. सुरुवातीला मुलांना ही रीत कंटाळवाणी वाटली, एकाने तर विचारले, "काका, एवढ्या वेळा गाडी बंद-चालू केली तर बॅटरी उतरणार नाही का?" प्रश्न रास्त होता. थोडाच वेळ थांबायचे असेल आणि चालक आसनावरच असेल, तर इंजिन चालू ठेवावे, असे ठरवले.

गेल्या कार्तिकीला चिरंजीवांनी नव्या गाडीतून कचनेरला नेले. या गाडीला क्लच नाही. ती गिअर स्वतःच बदलते. मांजरसुंब्याचा घाट आला तेव्हा मी गप्प राहायचे ठरवले होते. पण पहिल्याच उतारावर गाडीने आपणहून वरचा गिअर घेतला, तशी माझी मूठ आवळली. चिरंजीवांनी माझ्याकडे एकदा पाहिले, दांडी मॅन्युअलच्या खुणेकडे सरकवली आणि दोनदा मागे ओढली. इंजिनाचा आवाज चढला, तसा वेग उतरला. मागच्या आसनावर सौभाग्यवतींना डुलकी लागली होती. ती बीड येईपर्यंत मोडली नाही.