विचारायचे राहून गेले

मे महिन्यातले सोलापूर म्हणजे काय, हे सोलापूरकरांना सांगायला नको. दिवस कलला की खाटा अंगणात येतात, गच्चीवर पाणी मारले जाते. अशा दिवसांतही आमची आजी तिन्हीसांजेला दाराला आतून कडी घालायची. आम्ही पोरे हसायचो. एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मार्शल लॉ होता ना रे, तेव्हापासूनची सवय आहे." एवढे बोलून तिने भाकरी तव्यावर टाकली. आम्हीही पुढे काही विचारले नाही. भूक लागली होती.

आजी गेली त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. मार्शल लॉ म्हणजे काय, हे पुढे पुस्तकातून कळले. गांधीजींना अटक झाल्याची बातमी मे १९३० मध्ये आली आणि सोलापूर पेटून उठले. ८ मे रोजी गोळीबार झाला, शंकर शिवदारे हा तरुण त्यात पडला. मंगळवार पोलीस चौकी जाळली गेली. पुढचे काही दिवस इंग्रजांचा अंमल शहरावर उरलाच नव्हता. १२ मेपासून लष्करी कायदा लागू झाला, तो जूनअखेरपर्यंत टिकला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. चार वेगवेगळ्या समाजांतली माणसे, पण फास एकच.

हे सारे ग्रंथात आहे. पण एका लहान मुलीच्या मनात आयुष्यभर पुरेल एवढी भीती त्या दिवसांत कशी शिरली, हे कुठल्याच ग्रंथात नाही. दारापलीकडे तिने काय ऐकले होते? बुटांचे आवाज? की कोणाचे रडणे? सांगू शकणारे माणूस आमच्याच स्वयंपाकघरात बसले होते आणि आम्ही ताट कधी वाढतेस म्हणून विचारत होतो.

१९३० चे साक्षीदार आता जवळजवळ उरले नाहीत. पण पुढचे आहेत. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरहून नळदुर्गच्या दिशेने निजामाच्या हद्दीत शिरल्या. त्याआधी रझाकारांच्या भीतीने सीमेपलीकडची कितीतरी कुटुंबे इकडे आली होती. तेव्हा दहा वर्षांची असलेली मुले आज पंचाऐंशी ओलांडून गेली आहेत. १९७२ च्या दुष्काळात विशीत खडी फोडायला गेलेल्या बायका सत्तरीपार आहेत. सुकडीची चव आणि लाल मिलोच्या भाकरीचा रंग त्यांना अजून आठवतो. आणि गिरणीच्या भोंग्यावर ज्यांचे घर चालले, पोरांना उठवण्यापासून चूल पेटवण्यापर्यंत, ते कामगारही आपल्यात आहेत. मुंबईच्या गिरणगावातल्या अशाच माणसांना बोलते करून मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ मध्ये एक मोठा ग्रंथ सिद्ध केला. तो वाचताना वाटते, आपल्या सोलापूरच्या पेठांतून असे किती ग्रंथ नुसते बसून आहेत!

ऐकायचे कसे, ही मात्र शिकण्याची गोष्ट आहे. "आजोबा, स्वातंत्र्यलढ्याबद्दल सांगा" म्हटले की आजोबा भाषण करतात. ते वर्तमानपत्रात वाचलेलेच सांगतात. त्याऐवजी "त्या दिवशी घरात काय शिजले होते?", "बातमी तुम्हाला कोणी सांगितली?", "दुसऱ्या दिवशी शाळा भरली का?" असे विचारावे. मग डोळे बारीक होतात आणि खरी आठवण वर येते. मध्ये थांबल्या तर थांबू द्यावे. ती शांतता आपण बोलून भरू नये.

आपल्या गावाची आणखी एक गोष्ट आहे. इथे एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू नांदतात. ज्या भाषेत माणूस रडले असेल, त्याच भाषेत त्याला सांगू द्यावे. विणकराच्या घरची तेलुगू आठवण आपल्या सोयीसाठी मराठीत सांगायला लावली की तिचा रंग उतरतो. मराठी नंतर करता येते.

आठवण चुकते, हेही खरे. तारखा तर हमखास चुकतात. म्हातारी माणसे सन सांगत नाहीत, "गड्ड्याच्या यात्रेच्या तोंडावर" असे सांगतात. पण चौघांची फाशी १२ जानेवारीची, म्हणजे संक्रांतीच्या अगदी तोंडावरची. तेव्हा ते सांगणे म्हणजे पंचांगच की! ऐकताना दुरुस्ती करू नये. तपासणी नंतर जुन्या वर्तमानपत्रांवरून, कागदपत्रांवरून करावी. दोन भाऊ एकच प्रसंग दोन तऱ्हांनी सांगत असतील, तर दोन्ही लिहून ठेवावे. त्या फरकातही इतिहास असतो.

साधने तर आज खिशातच आहेत. मोबाईल जवळ ठेवावा, पंखा बंद करावा, सुरुवातीलाच नाव, गाव, तारीख बोलून घ्यावी. हे कोणाला ऐकवू का, अशी परवानगीही विचारावी. काही दुःखे घरातच राहावीत असे एखाद्याला वाटते, त्याचा मान राखावा. एका बैठकीत पाऊण तास पुरे. थकलेल्या माणसाला पिळू नये.

आज रविवार आहे. दुपारचे जेवण झाले की घरातले मोठे माणूस जरा निवांत बसेल. टीव्ही थोडा वेळ बंद करून त्यांच्याजवळ बसा आणि एकच प्रश्न विचारा. आमच्या आजीच्या दाराची कडी आम्हाला कायमची बंद राहिली. तुमच्या घरची अजून उघडता येईल.