ताम्रपत्रावरील रूबेन्स

छायाचित्रणाचा शोध लागून त्याचे फळ सामान्य माणसाच्या घरापर्यंत पोहोचण्यापूर्वी, युरोपातील एखाद्या चर्चच्या वेदीवरील नामांकित चित्र प्रत्यक्ष जाऊन पाहण्याचे सामर्थ्य ज्याला नसे, त्याला त्या चित्राचे दर्शन घडे ते बहुधा तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर उमटविलेल्या, रंगाचा लवलेश नसलेल्या ठशातून. ठशाच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात चित्रकाराचे नाव आणि उजव्या कोपऱ्यात उत्कीर्णकाचे, अशी जुनी वहिवाट होती. उजव्या कोपऱ्यातील ही नावे वाचण्याची तसदी आता कोणी घेत नाही, आणि हा मोठाच अन्याय आहे. कारण त्यांपैकी कित्येकांनी एकेका पत्र्यावर आपल्या उमेदीची वर्षे खर्ची घातली आहेत. एरिन कॉर हे त्यांपैकीच एक नाव.

कॉर वंशाने आयरिश, पण जन्माने आणि कर्माने बेल्जमचा. ज्या ब्रुसेल्समध्ये तो जन्मला, त्या शहरावर त्याच्या पूर्ववयात आधी फ्रान्सचा आणि १८१५ पासून नेदरलँड्सचा अंमल होता. १८३० च्या क्रांतीने बेल्जम स्वतंत्र झाला, तेव्हा तो ऐन कर्तृत्वाच्या वयात होता. घराणे कलावंतांचे. १८०७ साली जन्मलेली त्याची बहीण फॅनी ही पुढे चित्रकार म्हणून मान्यता पावली, आणि तिचा १८३६ साली विवाह झाला तो गिय्योम गेफ्स या शिल्पकाराशी. नव्या राष्ट्राला आपल्या कुळाचा मोठेपणा सांगणारे पूर्वज हवे असतात, आणि बेल्जमला असा पूर्वज अँटवर्पच्या रूबेन्स या चित्रकारामध्ये सापडला. त्याच्या मृत्यूला १८४० मध्ये दोन शतके पूर्ण झाली त्या निमित्ताने अँटवर्पमध्ये जो पुतळा उभारण्याचे ठरले, तो याच गेफ्सने घडविला. मेहुण्याने रूबेन्सची मूर्ती ब्राँझमध्ये ओतली. कॉरने त्याने रंगविलेले चित्र तांब्यात उतरविले, आणि दोहोंपैकी दुसरे काम अधिक दुष्कर, असे माझे स्पष्ट मत आहे.

ते दुष्कर का, हे समजण्यासाठी या हुन्नराची रीत थोडी तपशिलाने पाहिली पाहिजे. गुळगुळीत घासलेला तांब्याचा पत्रा चामड्याच्या उशीवर ठेवून, चौकट आकाराच्या कापाचे टोक असलेली पोलादी कोरणी तळहाताच्या जोराने पुढे रेटीत उत्कीर्णक रेषा खोदतो; रेषा वळवायची झाली म्हणजे हात वळत नाही, डावा हात उशीवरचा पत्रा फिरवतो. जोर वाढला की चर खोल आणि रुंद होते, तो कमी झाला की ती केसासारखी बारीक होत लोपते. कडेला उभी राहिलेली तांब्याची कूस खरवडून टाकावी लागते. मग पत्र्याला शाई माखून पृष्ठभाग पुसून काढतात; शाई उरते ती फक्त चरांत, आणि ओलसर कागद वर ठेवून पत्रा रुळांच्या दाबयंत्रातून काढला म्हणजे तो ती चरांतून शोषून घेतो. कागदावर प्रतिमा उलटी उमटत असल्यामुळे पत्र्यावर सारे चित्र डाव्याचे उजवे करून खोदावे लागते. चुकीची रेषा पुसण्याची सोय नाही. तेवढी जागा घासून, पाठीमागून ठोकून, वर आणून ती पुन्हा खोदणे एवढाच उपाय.

कॉर अँटवर्पच्या अकादमीत हीच विद्या शिकवीत असे. १६६३ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेपासून कॅथीड्रल दूर नाही, आणि त्या कॅथीड्रलमध्ये रूबेन्सचे ‘क्रूसावरून अवतरण’ हे चित्र आहे. १६११ ते १६१४ या काळात सिद्ध झालेले हे चित्र फ्रेंच सैन्याने १७९४ साली पॅरिसला नेले, आणि नेपोलियनच्या पाडावानंतर, १८१५ मध्ये, ते स्वस्थानी परत आले. त्यामुळे कॉरच्या पिढीला ते नुसते कलाकृती म्हणून नव्हे, तर परत मिळालेला ठेवा म्हणून प्रिय होते. ख्रिस्ताचे निष्प्राण शरीर शुभ्र कफनावरून तिरपे खाली सरकत आहे, आणि लाल वस्त्र ल्यालेला शिष्य योहान ते झेलण्यासाठी अंग मागे झुकवून उभा आहे. मृत कांतीचा फिकेपणा, कफनाची शुभ्रता आणि योहानाचा रक्तवर्ण, हे तिन्ही उत्कीर्णकाने काळ्या शाईच्या एकाच रंगात वेगळे करून दाखवायचे असतात! मांसल भाग अवयवांच्या गोलाईबरोबर वळणाऱ्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेषांनी भरायचा आणि छेदांमधल्या रिकाम्या जागी ठिपके पेरायचे. वस्त्रासाठी लांब, सलग रेषा चुण्यांच्या ओघाने न्यायच्या. आणि शुभ्र कफन बहुतांशी कोरा कागदच दाखवील. याच चित्राचा ठसा १६२० साली लुकास फॉर्स्टरमान याने कोरला होता, पण ठशांसाठी सरकारातून हक्काच्या सनदा मिळविणारा आणि आपल्या उत्कीर्णकांचे नमुना-ठसे स्वतः सुधारून देणारा खुद्द रूबेन्स तेव्हा त्याच्या पाठीशी होता. कॉरला सव्वादोनशे वर्षांनंतर चित्रकाराचा हेतू एकट्याने, मूळ चित्रातूनच वाचावा लागला. चित्रकार व्हॅन डाइकच्या क्रूसारूढ ख्रिस्ताचाही ठसा त्याने कोरला, परंतु त्याचे नाव मुख्यतः या रूबेन्समुळेच राहिले आहे.

१८६२ साली तो पॅरिस येथे निवर्तला. जोसेफ बाल यासारख्या शिष्यांनी त्याची परंपरा पुढे चालविली खरी, पण तोवर छायाचित्रकार चित्रांच्या प्रती काढू लागले होते आणि उत्कीर्णकाचा धंदा ओसरू लागला होता. तरी त्या काळच्या छायाचित्राच्या काचेवरील रसायन निळ्या प्रकाशाला चटकन व लाल प्रकाशाला जवळजवळ मुळीच दाद देत नसे. परिणामी चित्रातील लाल रंग कागदावर काळाठिक्कर उमटे आणि योहानाचे झळाळते वस्त्र भोवतालच्या अंधारात बुडून जाई. कॉरच्या ठशात ते बुडालेले नाही, कारण कोणता रंग किती उजळ दिसतो याचा निवाडा तेथे एका अभ्यस्त डोळ्याने रेषेरेषेगणिक केलेला आहे.