बिरुद आणि काम

कलावंताने आपल्या तोंडाने आपली ओळख सांगू नये, असे आपल्या जुन्या घरांतून पूर्वापार मानतात. दरबारी गवयाच्या घरी वाढल्यामुळे हा संकोच मी जवळून पाहिला आहे. कलावंत कारखान्याच्या दफ्तरी नाव होते, तेवढ्यावर वडिलांचे भागत असे. परंतु १९४९च्या मे महिन्यात बडोदे संस्थान विलीन झाले आणि दरबाराचा आश्रय सरला. तेव्हापासून आपले नाव लोकांपर्यंत नेण्याचे काम कलावंताच्याच माथी आले.

माझ्याकडे गाणे शिकलेला एक तरुण आज छायाचित्रणावर पोट भरतो. लग्नमुंजीची कामे ओळखीपाळखीतून मिळतात; पण मकरपुऱ्यातील कारखाने, वास्तुशिल्पी, प्रदर्शने भरवणाऱ्या संस्था यांच्याशी त्याची गाठ पडावी कोठे? ही मंडळी 'लिंक्डइन' या २००३ साली सुरू झालेल्या व्यावसायिकांच्या जाळ्यावर असतात. तेथे स्वतःचे पान लिहावे लागते. तो मला म्हणाला, "गुरुजी, ही फुशारकी नव्हे काय?"

या प्रश्नाला छायाचित्रणाचा इतिहासच उत्तर देतो. १८५४ साली पॅरिसच्या दिस्देरीने भेटकार्डाएवढ्या तसबिरींचे पेटंट घेतले. एकाच काचेवर अनेक तसबिरी निघू लागल्याने त्या स्वस्त झाल्या आणि घरोघर गेल्या. त्या पुठ्ठ्याच्या पाठीवर छायाचित्रकार आपले नाव, पत्ता, मिळालेली पदके आणि आश्रयदाते छापीत. एका घरची तसबीर दुसऱ्या घरी गेली की त्याचे नावही आपसूक तेथे पोचे. आजचे पान म्हणजे तीच पुठ्ठ्याची पाठ होय.

मुंबईचे हरिश्चंद्र चिंतामण हे या धंद्यातील आपल्याकडील आरंभीच्या मंडळींपैकी एक. एल्फिन्स्टन संस्थेत ते ही विद्या शिकले. पुढे त्यांचा संबंध थेट बडोद्याशी आला. १८७४ साली लंडनला त्यांनी गीतेवरील इंग्रजी भाष्य प्रसिद्ध केले, त्यात नावापुढे मल्हारराव गायकवाडांचे राजकीय प्रतिनिधी हे पद आहे. पुढच्याच वर्षी, १८७५च्या एप्रिलात, मल्हारराव पदच्युत झाले. धनीच गादीवरून गेला, तेव्हा त्या पदाला अर्थ तो काय उरला? त्यांनी काढलेल्या तसबिरी मात्र संग्रहांतून आजही पाहावयास मिळतात.

म्हणून त्या तरुणाला मी म्हटले, बिरुदे लिहू नकोस, काम लिही. 'सर्वोत्तम', 'नामांकित' ही विशेषणे दुसऱ्याने लावावयाची असतात. पहिल्याच ओळीत कशाची छायाचित्रे काढतोस आणि कोठे, ते सांग. शंभर चित्रांपेक्षा निवडक दहा ठेव. प्रत्येकाखाली काम कोणासाठी केले आणि अडचण कोणती होती, ते दोन वाक्यांत लिही. यंत्राच्या चकचकीत पत्र्यावरची तिरीप कशी आवरलीस, हे वाचून कारखानदाराचा जितका विश्वास बसेल, तितका दहा विशेषणांनी बसणार नाही. ज्यांची चित्रे लावशील त्यांची संमती आधी घे. लोकांच्या लेकीसुना म्हणजे आपल्या दुकानाची पाटी नव्हे. तेथे शिफारस लिहून मागण्याची सोय आहे. ती ज्याचे काम खरोखर केले त्याच्याकडेच माग, आणि कोणते काम, किती दिवसांत झाले, हे त्यात येऊ दे. मित्रांनी एकमेकांची पाठ थोपटलेली जाणत्याला लगेच कळते.

'आफताब-ए-मौसिकी' हे बिरुद फैयाज खाँसाहेबांना इतरांनी दिले. ते गाणे ऐकून दिले. ऐकण्यासाठी आधी मैफल जमावी लागते, आणि मैफल जमण्यासाठी आज गाणारा कोण, हे लोकांना कळावे लागते. एवढे सांगणे म्हणजे फुशारकी नव्हे. गवई बैठकीच्या आरंभी षड्ज लावतो, त्यात तो स्वतःची स्तुती करीत नसतो. आपण कोठे उभे आहोत, एवढेच सांगतो. षड्ज तेवढा खरा लागला पाहिजे.