मागच्या चाकाला कारचा टायर

लांब पल्ल्याची मोटारसायकल चालवणारी पोरं हल्ली माझ्या दुकानात हमखास विचारतात, "मामा, मागच्या चाकाला कारचा टायर बसवून द्याल का?" शिरूर तालुक्यातल्या निमोण्यात माझं टायर-पंक्चरचं काम चालतं. बैलगाडीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळी चाकं माझ्या हाताखालून जातात. तरी या एका मागणीला मी नाही म्हणतो, आणि का म्हणतो ते नीट सांगायला हवं. नुसतं नाही म्हटलं तर पोरगं शिरूरला जातं, तिथं नाही जमलं तर पुण्याला जातं.

हे खूळ आलंय अमेरिकेतून. तिथं होंडाची गोल्डविंग नावाची चारशे किलोंच्या आसपासची गाडी आहे. २००१ ते २०१७ पर्यंतच्या गोल्डविंगला मागं १८०/६० आर १६ मापाचा टायर येतो. काही चालक त्याजागी १९५/५५ आर १६ हा कारचा टायर चढवतात आणि स्वतःला 'डार्कसायडर' म्हणवतात. मोटारसायकलचा टायर मऊ रबराचा, तो लवकर झिजतो; कारचा टायर दुपटी-तिपटीनं टिकतो. वजनही जास्त पेलतो. रनफ्लॅट जातीचा घेतला तर हवा गेल्यावरही थोडं अंतर जाता येतं. ही माणसं वर्षानुवर्षं अशा गाड्या चालवतात, ती खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. पण मोटारसायकल बनवणारे आणि टायर बनवणारे मात्र याला मान्यता देत नाहीत. पोरं जे व्हिडिओ बघतात, त्यांत हे कोणी ठळकपणे सांगत नाही.

आपल्याकडं गोल्डविंग कुठली? आपल्याकडं येते ॲव्हेंजर. बजाजची ॲव्हेंजर क्रूझ २२० घेऊन एक पोरगा आला होता, लडाखला निघालेला. तिच्या मागच्या टायरवर १३०/९०-१५ असं लिहिलेलं असतं. १५ इंचाचं रिम, म्हणजे कारच्या रिमइतकंच, म्हणून त्याला वाटलं की कारचा १८५/६५ आर १५ आरामात बसेल. मी त्याला खडू दिला आणि फरशीवर हिशोब मांडायला लावला. १३० मिलिमीटर रुंदी, तिच्या ९० टक्के उंची, म्हणजे ११७. कारच्या टायरची रुंदी १८५, तिच्या ६५ टक्के म्हणजे १२० आणि वर थोडं. उंची जवळपास सारखीच निघाली तसा तो खूश झाला. मग म्हटलं, आता रुंदी बघ. ५५ मिलिमीटर जास्त. म्हणजे एका बाजूला साडेसत्तावीस मिलिमीटर. डाव्या बाजूला चेन, दोन्ही बाजूंना चिमटा, वर मडगार्ड. जागा कुठून आणणार? शिवाय १८५ चा टायर किमान पाच इंच रुंदीच्या रिमसाठी बनवलेला, आणि ॲव्हेंजरचं रिम त्यापेक्षा बरंच अरुंद. अरुंद रिमवर टायरच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि मधला भाग फुगतो.

वजनाचा मुद्दाही त्यानं काढला. टायरवर मापाच्या पुढं एक आकडा असतो. ॲव्हेंजरच्या टायरवर ६६ असतो, म्हणजे ३०० किलो. त्या कारच्या टायरवर ८८, म्हणजे ५६० किलो. पण मागच्या चाकावर ५६० किलो येणार आहेत कुठून? दोन माणसं आणि सामान धरलं तरी गाडीचा स्वतःचा टायर पुरतो.

खरं कारण मापात नाहीच, ते वळणात आहे. स्टीलचा पेला फरशीवर आडवा करून ढकला. तो सरळ जात नाही, गोल फिरतो, कारण एक तोंड मोठं आणि एक लहान. मोटारसायकल वळणात कलते तेव्हा तिचा गोलसर टायर नेमकं हेच करतो. कललेल्या बाजूचा घेर लहान, मधला मोठा, म्हणून गाडी आपणहून वळणात शिरते. ताशी ४० किलोमीटर वेगानं २५ मीटर त्रिज्येच्या वळणातून जायचं तर गाडी सुमारे २७ अंश कलवावी लागते. तेवढं कलूनही गोल टायरची पुरेशी पट्टी रस्त्याला चिकटून राहते. कारचा टायर सपाट, कारण कार कलतच नाही. तो २७ अंश कलवला की सपाट पाठ उचलली जाते आणि गाडी एका काठावर येते. तो काठ गाडीला परत उभं करायला बघतो, चालवणाऱ्याला हँडल सतत दाबून धरावं लागतं. ज्यांना सवय झाली ते सांभाळून नेतात. समोर अचानक कुत्रं आलं, तेव्हा सवयीच्या जोरावर किती निभेल?

"मग ऊसतोडीच्या टायरगाड्या?" तो पोरगा म्हणाला. प्रश्न चांगला होता. गळिताचा हंगाम सुरू झाला की आमच्या भागात टोळ्या येतात, त्यांच्या बैलगाड्यांना जुने मोटारीचे टायर असतात, मीच त्यांची पंक्चरं काढतो. बैलगाडी कलत नाही. सौराष्ट्रातला छकडा तीन चाकांवर उभा असतो, तोही कलत नाही. मोटारसायकलला साइडकार जोडली की तीही कलत नाही, म्हणून काही साइडकारवाले मागं कारचा टायर वापरतात आणि वळणाच्या बाबतीत ते योग्यच आहे. दोन चाकांवर चालणारं वाहन वळणात कलणारच, त्याला दुसऱ्या जातीचा टायर लागतो.

माझ्या हाताला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती बीडची, म्हणजे रिमला धरून बसणाऱ्या टायरच्या कडेची. तिच्या आत पोलादी तार असते. कारच्या रिमची कड आणि मोटारसायकलच्या रिमची कड सारख्या आकाराच्या नसतात. मोटारसायकलच्या टायरवर म्हणूनच मापासोबत 'एम/सी' अशी खूण आढळते. साबणाचं पाणी लावून हवा मारली की बरोबरचा टायर 'टक्, टक्' करत दोन्ही बाजूंनी बसतो. चुकीचा बसत नाही. मग लोक हवा वाढवत नेतात, चाळीस पौंड, साठ पौंड, त्याच्याही पुढं. त्या वेळी टायरवर वाकलेल्या माणसाचं तोंड कुठं असतं ते मला चांगलं माहीत आहे. तार तुटली तर टायर बॉम्बसारखा फुटतो.

कायद्याचंही बघा. टायरच्या बाजूला आयएसआय खूण असते आणि तिच्यासोबत क्रमांक. दुचाकी-तिचाकीच्या टायरसाठी आयएस १५६२७, प्रवासी कारसाठी आयएस १५६३३. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलात मनानं फेरफार करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं. उद्या अपघात झाला तर विमा कंपनीच्या हाती आयतं कारण मिळेल.

आमच्या रस्त्यांचाही विचार करा. न्हावऱ्याकडं किंवा चिंचणीच्या घोड धरणाकडं जाताना उसाच्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्या लागतात. गोल टायर चाकोरीतून सहज वर चढतो, सपाट टायरचा काठ तिला धरून गाडी बाजूला ओढतो. पावसाळ्यात शेतातून आलेला काळा चिखल डांबरावर पसरतो. रुंद आणि कमी हवेचा टायर पाणी लवकर कापू शकत नाही, त्यावर तरंगायला लागतो.

पोरांचं दुखणं मात्र खरं आहे. महागाचा टायर घालावा आणि तो एका मोठ्या सहलीत मधोमध सपाट व्हावा, हे कोणालाही सोसत नाही. त्यावर उपाय आहे. त्याच मापाचा, लांब प्रवासासाठी बनवलेला मोटारसायकलचा टायर घ्या. बाजूवरचा चार आकडी तारखेचा शिक्का वाचा. २३२४ असेल तर तो २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला, फार जुना असेल तर नको म्हणा. सगळ्यात जास्त टायर खाते ती कमी हवा. गाडीच्या पुस्तकात हवेचे दोन आकडे दिलेले असतात, एकट्यासाठी वेगळा आणि मागं माणूस बसला तर वेगळा. त्या पोराच्या गाडीवर दोघं बसणार होते, दोन्हीकडं बॅगा बांधलेल्या, आणि मागच्या चाकात एकट्याची हवा. ती मी भरून दिली, आणि सांगितलं की रोज सकाळी निघायच्या आधी, टायर गार असताना मोज. पन्नास किलोमीटर पळवून आल्यावर मोजलीस तर काटा जास्त दाखवेल, आणि तू हवा सोडून बसशील.