दात्याची विष्ठा, मुलाचं आतडं

कुंडल-पलूस भागातल्या एखाद्या घरात मुलाला थॅलेसेमिया किंवा रक्ताचा कर्करोग निघाला आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांट करायचं ठरलं, की आईबाप मुंबई-पुणे गाठतात. देशातलं पहिलं ट्रान्सप्लांट १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालं, तेही ९ वर्षांच्या मुलीचं.

ट्रान्सप्लांटच्या वॉर्डात आईबापांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, ‘काउंट (रक्तातल्या पेशींची संख्या) वाढले का?’ पण काउंट वाढल्यावरही काही मुलांना हिरवट, पाण्यासारखे जुलाब लागतात. नर्स प्रत्येक डायपरचं वजन करून लिहून ठेवते, कारण मुलाच्या दर किलो वजनामागे दिवसाला किती मिली जुलाब झाले, यावर आजाराची तीव्रता ठरते. यामागे अनेकदा जीव्हीएचडी असतो. दात्याकडून आलेल्या पांढऱ्या पेशी मुलाच्या आतड्यालाच परकं समजून त्यावर तुटून पडतात.

त्याआधीच ट्रान्सप्लांटच्या तयारीत दिलेल्या केमोनं आतड्याचं अस्तर सोललेलं असतं आणि अँटिबायोटिकनं तिथले उपयोगी जिवाणू मेलेले असतात. हे जिवाणू अन्नातल्या तंतूंपासून ब्युटिरेट बनवतात. त्यावर मोठ्या आतड्याच्या पेशी पोसतात आणि आक्रमक पेशींना आवर घालणाऱ्या पेशी वाढतात. तणनाशक मारलेल्या रानात लव्हाळाच माजावा, तसे आता एंटेरोकॉकससारखे चिवट जंतू आतडं व्यापतात.

पहिला उपचार स्टेरॉइडचाच. त्याला दाद मिळाली नाही, की इतर औषधांच्या जोडीनं काही केंद्रांत मेलेले उपयोगी जिवाणू परत वसवण्यासाठी निरोगी माणसाची विष्ठा देण्याचा विचार होतो. बोन मॅरोच्या दात्यासारखा इथे एचएलए (पेशींवरची ओळखखूण) जुळावा लागत नाही. मात्र दात्याची तपासणी कसून होते: रक्तात एचआयव्ही, काविळीचे विषाणू, सिफिलिस, विष्ठेत परजीवी, जुलाब घडवणारा सी. डिफिसिल जिवाणू आणि औषधांना न जुमानणारे जंतू. मग विष्ठा सलाइनमध्ये कालवून गाळतात, ग्लिसरॉल घालून उणे ८० अंशांवर गोठवतात. मुलाला ती नाकातून आतड्यापर्यंत घातलेल्या नळीनं, कोलोनोस्कोपीनं किंवा एनिमानं देतात. कॅप्सूल गिळता येत असेल तर तीही चालते.

गुण किती येतो? वारंवार उलटणाऱ्या सी. डिफिसिलच्या संसर्गाबाबत पुरावा भक्कम आहे. २०१३च्या डच अभ्यासात एकाच खेपेत १६ पैकी १३ रुग्ण बरे झाले. ट्रान्सप्लांट झालेल्या मुलांबाबत मात्र मोजक्याच रुग्णांचे अनुभव हाती आहेत. काहींचे जुलाब थांबले, काहींना उपयोग झाला नाही. अमेरिकेत २०२२ आणि २०२३मध्ये मंजूर झालेली, विष्ठेपासून बनवलेली दोन्ही तयार औषधं १८ वर्षांवरील रुग्णांसाठी, तीही फक्त सी. डिफिसिलसाठी आहेत.

धोकाही खरा आहे. २०१९मध्ये अमेरिकेत एकाच दात्याच्या विष्ठेतून दोन रुग्णांना औषधांना दाद न देणाऱ्या ई. कोलायची लागण झाली. त्यातला एक दगावला आणि तो ट्रान्सप्लांटचाच रुग्ण होता. त्या दात्याची या जंतूसाठी तपासणीच झाली नव्हती.

म्हणून डॉक्टरांनी हा उपचार सुचवला, तर आईबापांनी संकोच न करता विचारावं: दात्याच्या कोणत्या तपासण्या झाल्या, त्या कधी झाल्या आणि या उपचाराला रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का? आणि घरी हा प्रयोग चुकूनही करू नये.